नवसागराचें अत्तर

आमच्या कपाटाच्या खालच्या खणांत एकतीस लहान बाटल्या ओळीनें मांडून ठेवलेल्या आहेत. प्रत्येकीवर एक चिठ्ठी व चिठ्ठीवर आमच्या हस्ताक्षरांत एक आंकडा आहे. घरीं येणारे स्नेही त्या पाहून प्रथम होमिऑपथीची शंका घेतात. आणि हीं औषधें नसून अत्तरें आहेत असें आम्हीं सांगितलें म्हणजे मोठ्या उत्सुकतेनें एखादीचें बूच काढून नाकाशीं नेतात. त्यानंतर त्यांच्या मुद्रेवर जो फरक पडतो, तो आतां आमच्या चांगलाच ओळखीचा झाला आहे. सभ्य मनुष्य ‘वास कांहीं निराळाच आहे हं!’ असें म्हणून बूच घट्ट लावतो. आमचे एक जुने शाळासोबती तितके सभ्य नाहींत. त्यांनीं सरळ विचारलें, “अहो, जन्मभर मुलांना रसायनशास्त्र शिकवलेंत, तेवढ्यानें समाधान झालें नाहीं वाटतें? आतां आमच्यावर हा सूड कां?”

सूड नव्हे, झालेंच तर त्याला प्रायश्चित्त म्हणतां येईल. त्याची हकीकत सांगण्यासारखी आहे, व ती सांगतांना आम्हांस थोडें लाजावेंहि लागणार आहे. पण आपल्या फजितीची गोष्ट आपणच सांगितली म्हणजे निदान ती नीट सांगितली जाते, एवढा तरी त्यांत फायदा असतो.

आमचा मुलगा फिनलंड देशांत, हेलसिंकी शहरीं, नोकरी करतो. २०१८ सालीं त्यानें तेथल्याच एका मुलीशीं लग्न केलें. त्या लग्नास आम्ही गेलों नाहीं. न जाण्याचीं कारणें आम्हीं पुष्कळ सांगितलीं. गुडघे झाले, थंडी झाली, प्रवासाचा खर्च झाला, घराची राखणहि झाली. खरें कारण एकच होतें, आणि तें आम्हांस जसें ठाऊक होतें तसें त्यालाहि होतें. पुढें चार वर्षें सूनबाईशीं आमचें जें बोलणें झालें तें सणावारीं, पडद्यावरून, आणि तेंहि तिकडे थंडी किती व इकडे ऊन किती याच्यापलीकडे न जाणारें. अखेर २०२२ च्या मे महिन्यांत आमच्या मंडळींनीं आम्हांस न विचारतांच तिकिटें काढविलीं, आणि आम्ही उभयतां हेलसिंकीस जाऊन पोंचलों.

पहिल्याच दिवशीं रात्रीचें जेवण झालें तेव्हां नऊ वाजले होते, तरी खिडकींतून ऊन येत होतें. सूनबाईनें कांचेचा एक वाडगा आमच्यापुढें ठेवला. त्यांत काळ्या कुळकुळीत वड्या होत्या. आकार पत्त्यांतल्या चौकटचा. या खाऊचें नांव सलमियाक्की. त्या लोकांना तो इतका जिवाभावाचा आहे कीं, चौकटच्या आकारालाच त्यांच्या भाषेंत सलमियाक्की म्हणतात. आम्हीं एक वडी तोंडांत टाकली. क्षणभर ती गोड लागली. मग खारट लागली. मग गोडहि नव्हे व खारटहि नव्हे असें कांहीं तरी टाळूला भिडून नाकांत चढलें, आणि डोळ्यांना पाणी आणून थांबलें. आम्हीं खोकल्याचें निमित्त करून रुमाल तोंडाशीं नेला, वडी रुमालांत घेतली आणि रुमाल खिशांत टाकला. हें सर्व फार सफाईनें झालें अशी आमची समजूत होती. सूनबाई कांहीं बोलली नाहीं. तिनें वाडगा उचलून फडताळांत ठेवला, आणि तो पुन्हां आमच्यापुढें आला नाहीं.

लग्नास न जाण्याच्या सबबी आम्हांस सुचल्या होत्या. या रुमालाची मात्र एकहि सबब सुचेना.

त्या रात्रीं झोंप आली नाहीं. बाहेर पुरता काळोखहि होत नव्हता. आम्हीं हळूच उठून फडताळांतलें तें पाकीट काढलें. त्यावरच्या फिनिश मजकुरांत आम्हांस कळण्याजोगा एकच शब्द होता, आणि तो नेमका आमच्या धंद्यांतला निघाला. अमोनियम क्लोराइड! म्हणजे आपला नवसागर. लॅटिन भाषेंत याला ‘साल अमोनियाकुम’ म्हणत. त्याचेंच झिजत झिजत सलमियाक्की झालें आहे. दुसरा पदार्थ ज्येष्ठमध. संस्कृतांत तें यष्टिमधु, म्हणजे गोड काठी. ग्रीक भाषेंतल्या त्याच्या नांवाचा अर्थहि गोड मूळ असाच आहे. यष्टिमधूचेंच मराठींत ज्येष्ठमध झालें. तो मध ज्येष्ठ कीं कनिष्ठ हा प्रश्न त्यांत नाहीं. त्या मुळांत साखरेच्या तीस ते पन्नासपट गोड असें एक द्रव्य असतें. ज्येष्ठमध आपण खोकल्यावर देतों; युरोपांत नवसागरहि कफ सुटावा म्हणून देत असत. अशा रीतीनें हे दोघे औषधाच्या बाटलींतून खाऊच्या बरणींत शिरले, आणि फिनलंडांत ‘औषधालयाची सलमियाक्की’ या नांवाची गोळी अजूनहि मिळते. म्हणजे आमच्या आजीच्या बटव्यांतला एक जिन्नस व कल्हईवाल्याच्या पिशवींतला एक जिन्नस हजारों मैलांवर एका वाडग्यांत नांदत होते, आणि आम्हीं त्यांना ओळख दिली नव्हती.

कल्हईवाला म्हटला म्हणजे आमच्या डोळ्यांपुढें पुण्यांतल्या वाड्याचा चौक उभा राहतो. स्टीलचीं भांडीं त्या वेळीं आमच्या घरांत शिरलीं नव्हतीं. पितळेच्या पातेल्याची कल्हई उडाली कीं आमटी कळकूं लागे, आणि आईचे कान रस्त्यावरच्या आरोळीकडे लागत. तो येई, चौकांत लहानसा खड्डा करी, भाता बसवी, कोळसे फुलवी, आणि पातेलें तापवून त्यांत नवसागराची चिमूट टाकी. फस्सदिशीं पांढरा धूर उठे. मग कथलाची कांडी टेकवून कापसाच्या बोळ्यानें तो असा कांहीं हात फिरवी कीं, काळवंडलेल्या पितळेंत एकाएकीं चंद्र उगवल्यासारखा वाटे. पुढें वर्गांत आम्हीं मुलांना हेंच शिकविलें. उष्णतेनें नवसागराचे अमोनिया आणि हायड्रोजन क्लोराइड असे दोन वायु होतात. दुसरा वायु धातूवरचा गंज खाऊन टाकतो, म्हणून कथील चिकटतें. आणि हे दोघे थंड हवेंत पुन्हां भेटले म्हणजे त्यांचा पांढरा धूर होतो. पण त्या वयांत आम्हांस वायूंचीं नांवें ठाऊक नव्हतीं. वाड्यांतलीं सारीं पोरें त्या धुरांत नाक खुपसण्यासाठीं धक्काबुक्की करीत, आणि आई वरून ओरडे, “अरे, ठसका लागेल!” ठसका लागे, डोळे वाहात, आणि आम्ही पुन्हां धुरांत शिरत असूं.

ज्या धुरामागें आम्ही बाळपणीं धांवलों, तोच सूनबाईनें वाडग्यांत घालून आमच्यापुढें केला; आणि आम्हीं तो रुमालांत थुंकला.

दुसऱ्या दिवशीं ती आम्हांस समुद्रकांठीं फिरावयास घेऊन गेली. आम्हीं पाण्यांत बोट बुडवून जिभेला लावलें. खारटपणा जवळजवळ नाहींच! बाल्टिक समुद्रास नद्यांचें पाणी इतकें मिळतें, व महासागराकडे जाण्याची त्याची वाट इतकी अरुंद आहे कीं, हेलसिंकीजवळ त्याच्या पाण्यांतलें मीठ महासागराच्या सुमारें एक षष्ठांशच भरतें. आम्ही म्हणालों, “तुमच्या समुद्रांतलें मीठ कोठें गेलें तें आतां कळलें. तुम्हीं तें सारें त्या वाडग्यांत काढून ठेवलें आहे.” ती हंसली. चार वर्षांत आमच्या बोलण्यानें ती हंसल्याचें आम्हांस आठवत नव्हतें.

त्या हंसण्यानें धीर येऊन आम्हीं रुमालाची गोष्ट कबूल केली, आणि कल्हईवाल्याचीहि सांगितली. तिनें ती शांतपणें ऐकून घेतली. मग म्हणाली, “बाबा, त्या गोळीची मला फार आवड आहे असें नाहीं. माझ्या आजोबांच्या कोटाच्या खिशांत ती असे. लहानपणीं मी त्या खिशांत हात घालून बसत असें. गोळीला वास नसतो. त्या खिशाला होता.” आजोबा जाऊन पुष्कळ वर्षें झालीं होतीं. कोटहि कोणीं तरी कोणाला तरी देऊन टाकला होता.

आणि येथें, तो वास आपण तिला करून देऊं, असें आम्ही बोलून गेलों. या एका वाक्यापायीं पुढें दीड वर्ष आमच्या घरांत कोणाला सुखानें श्वास घेतां आला नाहीं.

पुण्यास परतल्यावर पहिली अडचण आमच्याच शास्त्रानें काढली. मिठाला वास नाहीं. नवसागरालाहि, तापविल्यावांचून, वास म्हणावा असा नाहीं. ज्येष्ठमधाची गोडी जिभेपुरती. ती उडून नाकापर्यंत येत नाहीं. म्हणजे ज्या पदार्थाचें अत्तर करावयाचें, त्याच्या मुख्य गुणांपैकीं एकहि बाटलींत भरतां येण्याजोगा नव्हता. मग मोठे अत्तरकार काय करतात? फ्रान्समध्यें आनिक मेनार्दो या बाईंनीं १९९७ सालीं ‘लोलिता लेंपिका’ या अत्तरांत, आणि झाँ-क्लोद एलेना यांनीं २००७ सालीं एर्मेस या पेढीसाठीं केलेल्या एका अत्तरांत ज्येष्ठमधाचा भास उत्पन्न केला आहे. बाईंनीं त्यासाठीं बडीशेपेच्या वळणाचे गोड वास जमविले, तर एलेना यांनीं लव्हेंडरचें फूल जवळ केलें. तात्पर्य, ज्येष्ठमध स्वतः येत नसेल तर त्याच्या शेजाऱ्यापाजाऱ्यांना बोलवावयाचें, आणि तो मध्यें बसला आहे असें पाहुण्यास वाटावयास लावावयाचें.

आपल्याकडे तर याहून मोठें धाडस पूर्वींच झालेलें आहे. कनोजचे अत्तरवाले भाजलेल्या मातीच्या चकत्या तांब्याच्या डेगेंत घालतात, त्यांची वाफ चंदनाच्या तेलांत उतरवितात, आणि पहिल्या पावसाचा वास बाटलींत येऊन बसतो. १९६४ सालीं ऑस्ट्रेलियांतील दोघां शास्त्रज्ञांनीं त्या वासाला ‘पेट्रिकोर’ असें नांव दिलें. कनोजकरांपाशीं अत्तर आधींच तयार होतें. मातीचें जर अत्तर होतें, तर खिशाचें कां होऊं नये?

आम्ही काष्ठौषधींच्या दुकानीं खेपा घालूं लागलों. ज्येष्ठमधाचा शेजारी म्हणून चक्रफुलाचें तेल आणलें. काळ्या पाकाचा जळकट गोडवा हवा होता, तो मेथीनें दिला. मेथींत सोटोलोन नांवाचें एक द्रव्य असतें. तें अगदीं थोडें असलें तर जळलेल्या साखरेचा वास येतो, आणि हात जरा सैल सुटला कीं बाळंतिणीच्या लाडवांचा. समुद्र आणावयाचें काम नखल्याकडे दिलें. धुपांत पडणारा हा नखला म्हणजे समुद्रांतल्या शंखाच्या तोंडावरचें झांकण. तें भाजलें म्हणजे धुरकट, खारट वास सुटतो. जुन्या लोकरीच्या कोटासाठीं कोष्ठाचें मूळ उपयोगी पडलें. सातवी बाटली उघडली तेव्हां आमच्या मंडळींनीं स्वयंपाकघरांतून विचारलें, “घरांत भिजलेलें कुत्रें शिरलें आहे कां?” त्या दिवशीं आम्हांस जो आनंद झाला तो परीक्षेचा निकाल लागलेल्या मुलालाच कळेल. पण पुढें वाचनांत आलें कीं, कोष्ठाचें तेल त्वचेस बाधतें म्हणून अत्तराच्या धंद्यांत तें वर्ज्य मानलें आहे. तेव्हां कुत्र्यास बाहेर काढून त्याच्या जागीं जटामांसी घ्यावी लागली. नवव्या बाटलींत अमोनियाचा एक थेंब टाकून पाहिला. तो घटकाभरांत उडून गेला. डिसेंबरांत चक्रफुलाचें तेल गोठून पांढरें झालें, कारण त्यांतलें ॲनेथोल एकवीस अंशांच्या सुमारासच घट्ट होतें. बाटली मुठींत धरून तें पातळ होण्याची वाट पाहात बसलों असतां मनांत आलें कीं, पुण्याच्या थंडींत याची ही दशा, तर हेलसिंकीस हें अत्तर ठेंचून लावावें लागेल.

या सर्व खटाटोपांत एक गोष्ट मात्र आम्हीं खरोखर शिकलों. जाईच्या सुवासांत इंडोल म्हणून एक द्रव्य असतें. तें निराळें काढून हुंगलें तर डांबराच्या गोळ्यांची आणि त्याहूनहि ओंगळ वस्तूंची आठवण होते. पण तें वजा केलें तर जाईचा वास निर्जीव होतो. आपण त्याला सुवासच म्हणतों, कारण जाईची आणि आपली ओळख आईच्या वेणीपासूनची आहे. सुवास आणि दुर्गंध यांच्यामधली भिंत पदार्थांत थोडी व आपल्या ओळखींत फार असते. हें ज्ञान आम्हांस २०१८ सालीं झालें असतें तर आम्ही त्या लग्नास गेलों असतों. पण शहाणपण हें अनेकदां लग्नाचे पाहुणे परतल्यावरच येतें.

२०२३ च्या दिवाळींत मुलगा व सूनबाई पुण्यास आलीं. लक्ष्मीपूजनाच्या सायंकाळीं आम्हीं आईची चांदीची अत्तरदाणी घांसून काढली, एकतिसाव्या बाटलींतल्या अत्तराचा फाया केला आणि तो सूनबाईच्या हातीं दिला. आमचें हृदय त्या वेळीं किती धडधडत होतें तें सांगण्यांत अर्थ नाहीं. तिनें डोळे मिटले, दोनदां हुंगलें, आणि मान हलविली. “बाबा, हें छान आहे. पण हें सलमियाक्की नाहीं. आणि आजोबांचा खिसाहि नाहीं.” दुसरी एखादी सून असती तर ‘अगदीं तसाच!’ म्हणून मोकळी झाली असती. आम्हीं हंसून अत्तरदाणी उचलून ठेवली. फडताळांत गेलेल्या त्या वाडग्याची आठवण झाली.

यानंतर दोन दिवसांनीं आमच्या मंडळींनीं कल्हईवाल्यास बोलावून आणलें. सासूबाईंचें एक पितळी पातेलें सूनबाईस द्यावें असें त्यांच्या मनांत होतें, आणि कल्हईवांचून तें देणें त्यांना पटेना. आतां तो आरोळी देत येत नाहीं. त्याला निरोप धाडावा लागतो. इमारतीच्या फाटकाशीं त्यानें बैठक मांडली. भात्याच्या जागीं हातानें फिरवावयाचा पंखा आला होता. बाकी सर्व तसेंच होतें. पातेलें तापलें, त्यानें चिमूट टाकली, आणि फस्सदिशीं पांढरा धूर उठला.

सूनबाई जिना उतरत होती. ती मधल्याच पायरीवर थांबली. मग झपाझप खालीं आली, आम्हांस ओलांडून पुढें गेली आणि त्या धुरांत उभी राहिली. वरच्या खिडकींतून आमच्या मंडळी ओरडल्या, “अगं, ठसका लागेल!” ठसका लागला. डोळ्यांना पाणी आलें. पण तें सारें पाणी ठसक्याचें नव्हतें, एवढें कळण्याइतके आम्ही आतां म्हातारे झालों आहों.

पुष्कळ वेळानें ती बोलली. तिच्या आजोबांच्या घरामागें एक लाकडी खोपटें होतें. फावल्या वेळीं ते तेथें फुटक्या किटल्यांना, डब्यांना डाख देत बसत. डाखाची तापलेली सळई ते एका पांढऱ्या खड्यावर घांसून साफ करीत, आणि चरचर होऊन धूर निघे. तो खडा नवसागराचा. डाख देणारे कारागीर तो देशोदेशीं वापरीत आले आहेत. हें खोपटें तिला वीस वर्षांत आठवलें नव्हतें. खिशाला जो वास होता तो गोळीचा नव्हता, लोकरीचाहि नव्हता. आजोबांच्या अंगावरून घरांत येणाऱ्या त्या धुराचा होता.

म्हणजे आम्हीं दीड वर्ष ज्याचे शेजारीपाजारी गोळा केले, तो स्वतः फाटकाशीं बसून चिमटीनें पातेल्यांत पडत होता. शास्त्र शिकविणाऱ्यास हें आधीं सुचावयास हवें होतें, असें आमचे शाळासोबती म्हणतात. त्यांचें म्हणणें खरें आहे. परंतु त्या धुरांत आम्ही सूनबाईच्या शेजारीं उभे होतों, आणि तिनें ठसक्याच्या भरांत आमची बाही घट्ट धरून ठेवली होती. त्यामुळें आम्हांस आमच्या मूर्खपणाचें म्हणावें तितकें वाईट वाटलें नाहीं.

जातांना तिनें पातेलें नेलें, आणि एकतिसाव्या बाटलींतलें अर्धें अत्तरहि मागून नेलें. तें कशासाठीं, हें आम्हीं विचारलें नाहीं. तिनें आमच्यासाठीं सलमियाक्कीचें एक पाकीट ठेवून दिलें आहे. ज्येष्ठमधानें रक्ताचा दाब वाढतो म्हणून डॉक्टरांनीं आम्हांस फार तर आठवड्यास एका वडीची परवानगी दिली आहे. दर रविवारीं दुपारीं आम्ही ती एक वडी तोंडांत टाकतों. प्रथम ती गोड लागते, मग खारट लागते, मग डोळ्यांना पाणी येतें. खरें सांगावयाचें तर अद्याप ती आम्हांस आवडत नाहीं. पण आतां रुमाल लागत नाहीं.